आग रामेश्वरी, धूर डोळ्यांत

आमच्या भागातले जुने वैद्य आणि हकीम नाडी धरण्याआधी रोग्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहत. आतली लाली फिकट असली की अंगात रक्त कमी, पांढऱ्या भागावर पिवळी झाक असली की कावीळ. रोगी पोटाची तक्रार घेऊन आलेला असे, आणि वैद्य बघे डोळ्यांत. यात काही गूढ नव्हते. कातडी न कापता आतले रक्त जिथे दिसते अशी शरीरात जागा थोडी, आणि डोळा ही त्यातली सर्वांत सोयीची.

याची उलटी बाजू मात्र आपल्याला सहज पटत नाही. डोळा अधू झाला की आपण डोळ्याचेच औषध शोधतो. अंजन, गुलाबपाणी, मध, हल्ली दुकानातून विचारून आणलेले थेंब. आपल्या म्हणीतला तो बंब सोमेश्वरी जातो, आग असते रामेश्वरी. गेल्या दोनशे-तीनशे वर्षांत खानदेश, निमाड आणि वऱ्हाड या पट्ट्यात माणसे आंधळी कशाने झाली याचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा मला दिसले ते हे, की मोतीबिंदू आणि खुपरी ही खास डोळ्यांची दुखणी सोडली तर उरलेल्या हकिगतींत डोळ्यांचा रोग क्वचितच सापडतो. सापडतात ते अंगावरच्या पुरळाचे, रिकाम्या पोटाचे, बधिर कातडीचे आणि बिघडलेल्या रक्ताचे रोग.

हे मी लिहितो ते धूलकोट डोळ्यांसमोर ठेवून. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्यातले हे गाव. आसपास बारेला, भिलाला, भिल, कोरकू यांची वस्ती. बाजारात निमाडी आणि हिंदी कानांवर पडते, आणि खालच्या अंगाला रावेर-यावलचा खानदेश असल्याने आपली मराठीही तिथे परकी वाटत नाही. अशा गावात दुखण्यालाही दोन-दोन, तीन-तीन नावे असतात. आमच्या घरातच आजी रातांधळे म्हणे आणि शेजारीण रतौंधी. एकीचा काचबिंदू तो दुसरीचा काला मोतिया. एका रोगाच्या बाबतीत मात्र सगळ्या भाषांचे एकमत होते. मराठीत त्या ‘देवी’, हिंदीत आणि निमाडीत ती ‘माता’.

देवी येत, ‘होत’ नसत. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, परक्या माणसाला उंबरा ओलांडू देत नसत. आजारी मुलाशी चढ्या आवाजात बोलायचे नाही, कारण त्या अंगात प्रत्यक्ष ती बसलेली. शीतळासप्तमीला चूल न पेटवता शिळे खायचे व्रत मराठी घरांत श्रावणात, तर आमच्या हिंदी शेजाऱ्यांकडे होळीनंतर. तिथी वेगळी, भीती तीच. या आदबीमागे मरणाची भीती तर होतीच; पण मूल वाचले तरी ती त्याचे काय घेऊन जाईल ही दुसरी भीती होती. बहुधा ती डोळा घेऊन जाई. देवळात चांदीचे डोळे वाहण्याचा नवस आपल्याकडे अजून चालतो. त्यातले किती नवस या एका रोगाने बोलायला लावले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

होत असे ते असे. पुरळ चेहऱ्यावर दाट आला की पापण्या सुजून आठ-आठ दिवस चिकटून राहत. काही मुलांच्या बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, याच सुमारास जखम होई. आई ओल्या फडक्याने पापण्या सोडवी तोवर काम झालेले असे. जखम वरवरची असली तर ती भरून येताना पांढरा डाग राही. यालाच आपण ‘फूल पडले’ म्हणतो. खोल असली तर बुबुळ फुटून डोळा आत बसे. मूळचे कुपोषित मूल असेल तर हा धोका फार वाढे. राजा-रंक असा भेद तिथे नव्हता. पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचा डावा डोळा लहानपणी देवींनीच गेला होता. अठराव्या शतकातल्या युरोपातही अंधत्वाच्या कारणांत देवीचे स्थान फार वरचे होते. तेव्हा हा केवळ आपल्या अडाणीपणाचा रोग होता असे मानायचे कारण नाही.

यावर डोळ्याच्या वैद्याजवळ इलाज काय होता? काहीही नाही. फूल पडलेले बुबुळ काढून दुसऱ्याचे बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी मोराव्हियात केली ती १९०५ साली, आणि तिचा लाभ आजही गरजेच्या मानाने थोड्यांनाच मिळतो. देवीने जाणारे डोळे वाचले ते दंडावर टोचल्याने. जेनरने १७९६ मध्ये केलेल्या प्रयोगाची लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातली ही पहिली लस. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन तो दुसऱ्याच्या दंडात टोचायचा, अशी दंडा-दंडाने लस पुढे जाई. या एका मुलीच्या दंडावरून ती पुढे इतर शहरांत गेली. आमच्या बऱ्हाणपुरात मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०३ मध्ये, कर्नल स्टीव्हन्सनची फौज आली. तिने शिंद्यांचे बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ असीरगड घेतला. पाठ्यपुस्तकात दुसरी घटना येते, पहिली येत नाही. डोळ्यांच्या हिशेबाने पाहिले तर पहिली मोठी होती.

मोठी, पण सावकाश चालणारी. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला की आया मुलांना घेऊन शेतात, रानात लपत. देवीचा कोप होईल ही एक भीती. आणि पोराच्या अंगात परक्याच्या अंगातला द्रव जाणार, म्हणजे जातीचे काय, ही दुसरी. हे सारे ओसरायला दीडशे वर्षे लागली. १९६७ पासून जगभर निकराची मोहीम निघाली. दुतोंडी सुईने टोचणे, रुग्ण शोधून त्याच्या भोवतालची वस्ती टोचून काढणे असे चालले, आणि मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंजला सापडलेला रुग्ण हा भारतातला शेवटचा ठरला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. दंडावरचे ते मोठे गोल वण आज फक्त वडीलधाऱ्यांच्या हातांवर दिसतात. नातवंडे विचारतात, हे काय? देवीने फूल पडलेला डोळा तर त्यांनी पाहिलेलाच नसतो.

देवी थैमान घालून जाई, निदान दिसे तरी. दुष्काळाने जाणारा डोळा मुकाट्याने जात असे.

बऱ्हाणपूरच्या इतिहासात १६३१ साल मुमताजमहलच्या मृत्यूचे म्हणून प्रसिद्ध आहे. १७ जूनला बाळंतपणात ती इथेच गेली. शहाजहानच्या छावणीभोवती त्या वेळी दख्खन, गुजरात आणि खानदेश यांवर १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पसरला होता. सुरतेहून आग्र्याला बऱ्हाणपूरच्या वाटेने निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने रस्त्याकडेच्या प्रेतांची वर्णने लिहून ठेवली आहेत. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले. दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले जात, आणि वीस सोमवारांत असे एक लाख वाटले, असे दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो. रुपयांचा हिशेब राहिला. लंगरच्या रांगेत आंधळी होऊन बसलेली पोरे कुणी मोजायची?

अशी पोरे असणारच, हे आज वैद्यकाच्या आधारे ठामपणे म्हणता येते. अ जीवनसत्त्व शरीरात तयार होत नाही. ते दूध, तूप, अंडी, यकृत यांतून मिळते किंवा हिरव्या पाल्यातून आणि पिवळ्या फळांतून शरीर ते बनवून घेते. यकृतात त्याचा साठा असतो, तो काही महिने पुरतो. साठा सरला की प्रथम संध्याकाळी दिसेनासे होते, कारण अंधुक उजेडात पाहण्याचे रसायन या जीवनसत्त्वावाचून बनत नाही. मग डोळ्याची ओल जाते, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखे ठिपके येतात. शेवटी, विशेषतः गोवर किंवा हगवण आली की, बुबुळ एक-दोन दिवसांत विरघळावे तसे मऊ होऊन जाते. त्यापाठोपाठ बहुतेक मूलही जाते. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पन्या’ आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता. त्या दिवेलागणीला भिंत चाचपडत चालणाऱ्या पोरांच्या गोष्टी सांगत. आम्हाला त्या भुताखेतांच्या वाटत.

गंमत अशी की उतारा फार पूर्वीपासून माहीत होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बकऱ्याच्या यकृताचा प्रयोग दिला आहे. का गुण येतो हे ठाऊक नव्हते, पण डोळ्याचे दुखणे पोटातून बरे करायचे असते हे त्या माणसाने ओळखले होते. पुढे आपल्यातल्या बऱ्याच घरांना यकृत वर्ज्य झाले आणि गरिबाला ते परवडेनासे झाले. उरले ते अंजन.

विसाव्या शतकातली एक हकिगत मला फार बोलकी वाटते, आणि ती आहे डेन्मार्कची. दुधालोण्याचा तो देश. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथले लोणी चढ्या भावाने परदेशी जात होते, आणि कोपनहेगनच्या गरिबांची मुले मलई काढलेल्या दुधावर आणि मार्गारीनवर वाढत होती. तिथल्या ब्लॉख नावाच्या बालरोगतज्ज्ञाने या मुलांत डोळे कोरडे पडून आंधळे होण्याचे प्रमाण वाढलेले पाहिले. मग जर्मन पाणबुड्यांनी समुद्र अडवला, निर्यात थांबली, लोणी रेशनवर का होईना घराघरांत आले, आणि १९१८ मध्ये हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. नाकेबंदीने डोळे वाचल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. आपल्या जिल्ह्यातून केळीचे ट्रक रात्रंदिवस बाहेर जातात, तेव्हा वाचकांना वाटेल इथेही तसेच असेल. पण केळ्याचा यात फारसा संबंध नाही. आपल्या नेहमीच्या केळ्यात अ जीवनसत्त्व नावालाच असते. बांधावरचा शेवगा, तांदुळजा, परसातली पपई यांत ते भरपूर असते, आणि त्यांना ट्रक लागत नाही.

या कहाणीला शेवटची कलाटणी दिली तीही एका नेत्रवैद्याने. आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकन डॉक्टर इंडोनेशियात रातांधळ्या मुलांचा अभ्यास करीत होते. आकडे तपासताना त्यांना दिसले की नुसते रातांधळे असलेली, वरकरणी धडधाकट मुले इतरांच्या कितीतरी पट जास्त मरत आहेत. डोळा ही पहिली खूण होती. कमतरता सगळ्या देहात होती आणि मूल हगवण, गोवर यांना तोंड देऊ शकत नव्हते. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने सुमात्रातील आचे प्रांतातला प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी एकदा अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडे असा डोस देण्याची सरकारी योजना १९७० पासूनच होती, अंधत्व टाळण्यासाठी म्हणून. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट, असा क्रम आहे. अंगणवाडीत पोराच्या तोंडात चमच्याने घातले जाते ते पिवळे तेलकट औषध हेच. धूलकोटकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता तुटला की हुकतो तोही हाच डोस.

तिसरा रोग महारोग. कुष्ठरोग्याला आपण गावाबाहेर ठेवले ते त्याच्या बोटांकडे पाहून. त्याच्या डोळ्यांकडे कोण पाहतो? नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू शरीराच्या थंड भागांत रमतो, म्हणून नाक, कानाच्या पाळ्या आणि डोळ्याचा पुढचा भाग त्याला मानवतो. पण बहुतेक डोळे तो मज्जातंतूंच्या वाटेने घेतो. पापणी मिटवणारा तंतू मेला की डोळा झोपेतही उघडा राहतो, आणि बुबुळाला संवेदना देणारा तंतू बधिर झाला की त्यात गेलेले कुसळ कळत नाही. आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा नकळत पापण्या मिटतो. या रोग्याला ते आठवणीने, मुद्दाम करावे लागते. विसरला की धूळ, मग जखम, मग फूल. आणि बोटे आधीच बधिर झालेली असल्याने आंधळ्याला स्पर्शाचा जो आधार असतो तोही त्याला उरत नाही. या दुहेरी अंधाराइतके क्रूर काही मला ठाऊक नाही.

मेळघाटाच्या पलीकडे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. त्यांचे मोठेपण आपण जाणतोच. त्याच दशकात सल्फोनची औषधे आली, आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्र उपचार सांगितला. डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. हे सारे गोळ्यांनी झाले, आणि त्या गोळ्यांनी जितके डोळे वाचवले तितके कुठल्याही नेत्रपेढीने वाचवले नसतील. एक अडचण राहतेच. जंतू मेला तरी मेलेला तंतू परत येत नाही, म्हणून ‘बरा झाला’ असा शेरा मिळालेल्या माणसाचाही डोळा तपासत राहावा लागतो. मिटत नसलेल्या पापणीसाठी कानशिलाच्या स्नायूची पट्टी वळवून आणण्याची शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर माणूस दात आवळून डोळे मिटायला शिकतो.

आता आजचे. देवी गेली, दुष्काळातली उपासमार बरीच ओसरली, महारोग हटला. जागा रिकामी राहिली नाही. साखरेचा आजार आता शहराचा राहिलेला नाही, तो सातपुड्यात चढला आहे. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र प्रसिद्ध केले आणि चारच वर्षांनी, १८५५ मध्ये, व्हिएन्नाच्या येगरने मधुमेही रोग्याच्या दृष्टिपटलावरचे बदल टिपले. तेव्हा ते कुणी फारसे मनावर घेतले नाही, कारण असे रोगी फार जगतच नसत. १९२२ पासून इन्सुलिनने त्यांना आयुष्य दिले, आणि मग कळले की वीस-वीस वर्षे साखर मुरलेल्या रक्तवाहिन्या पडद्यावर पाझरतात, बुजतात, आणि त्यांच्या जागी ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात. रक्तदाबही याच वाहिन्या पोखरतो. लेसरने त्या वेळीच भाजून काढल्या तर दृष्टी जाण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने १९७६ मध्ये दाखवले. मात्र तोवर रोग्याला काहीच जाणवत नाही, वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो. एके दिवशी डोळ्यापुढे काळे धागे तरंगतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्या मुलखाला आणखी एक रोग जन्मातच मिळतो. सिकलसेल. सातपुड्याच्या आदिवासी समाजांत तो आढळतो. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. हाडे दुखतात, प्लीहा वाढते, हे गावात कळते. पण डोळ्याच्या पडद्याच्या कडेला अगदी बारीक वाहिन्या असतात, तिथेही त्या अडकतात आणि नव्या, रक्त सांडणाऱ्या वाहिन्या उगवतात, हे सहसा कुणी सांगत नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि रक्ताच्या चाचण्या गावोगाव होऊ लागल्या. ज्याच्या चाचणीत रोग निघेल त्याने डोळ्यांचा पडदाही दाखवायचा असतो. कुणी चष्म्याचा नंबर लागला म्हणून शिबिरात गेला तर त्याने साखर, रक्तदाब आणि घरातला सिकल हे न विचारताही सांगावे. आणि क्षयाच्या गोळ्या चालू असताना लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला तर तेही लगेच सांगावे, कारण त्यातली एथॅम्ब्युटॉल नावाची गोळी क्वचित डोळ्याच्या तंतूला बाधते.

पडद्याच्या तपासणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सोसवत नाही. खेड्यातून आलेली माणसे याला बिचकतात, बस चुकेल म्हणून थेंब नको म्हणतात, आणि मग नुसता चष्म्याचा नंबर घेऊन परत जातात. बऱ्हाणपूर, खंडवा किंवा जळगाव, कुठेही जायचे असले तरी सकाळची गाडी धरावी, डोक्याला उपरणे असावे आणि बरोबर घरातले एक माणूस न्यावे.